पांढऱ्या नागाचं गोत्र

काशीचा मुन्शी घाट मराठी माणसाला तसा परका नाही. नागपूरकर भोसल्यांच्या दरबारातल्या श्रीधर मुन्शींच्या नावाचा हा घाट. एका अंगाला अहिल्याबाई होळकरांचा घाट, दुसऱ्या अंगाला दरभंगा घाट. मुन्शींचा दगडी वाडा १९१५ मध्ये दरभंग्याच्या महाराजांकडे गेला आणि आता त्याचं हॉटेल झालंय. नाव मात्र टिकलं. विदर्भातून काशीयात्रेला आलेली मंडळी दशाश्वमेधावर स्नान उरकतात आणि ओले पंचे खांद्यावर टाकून रेंगाळत इथवर येतात.

श्रावणात गंगा चढते. एकेक पायरी पाण्याखाली जाते आणि उरलेल्या चार पायऱ्यांवर पंडे, नावाडी, फुलवाल्या, यात्रेकरू सगळे एकमेकांना खेटून उभे राहतात. नागपंचमी जवळ आली की या गर्दीत सपेऱ्याची वेताची टोपली येते. झाकण उचललं जातं, फणा वर येतो, कुणी हात जोडतं, कुणी दहाची नोट टाकतं. रोजचाच खेळ! पण समोरचं कुटुंब लांबून आलेलं, बरोबर सासूबाई आणि नवी सून आहे असं दिसलं की सपेरा आवाज खाली आणतो. ‘सफेद नाग के दर्शन करेंगे, माई?’

इथून पुढे दर बदलतो. पांढरा नाग म्हणजे शंभर वर्षांचा. पांढरा नाग म्हणजे गुप्तधनाचा राखणदार. त्याला दूध दिलं की घरात मूल हलतं, कोर्टातला दावा सुटतो. असं बरंच काही त्या दुसऱ्या टोपलीच्या झाकणाखाली असतं. आणि झाकण उघडल्यावर? कात टाकायला आलेला साधा नाग कित्येकदा या कामी येतो. कात टाकण्याआधी काही दिवस सापाची कातडी दुधी, मळकट होते, डोळ्यांवर निळसर पडदा येतो. श्रद्धेच्या डोळ्यांना एवढं पांढरेपण पुरतं.

पण म्हणून पांढरा नाग ही निव्वळ थाप आहे, असं मात्र नाही. पांढरा नाग असतो. पांढरी धामण असते, पांढरा अजगर असतो. जगात काही ठिकाणी तर पांढऱ्या सापांची रीतसर पैदास होते आणि कुठला साप कुणाच्या घराण्यातला, याच्या वंशावळी लोक तोंडपाठ सांगतात. साठ-सत्तर वर्षांच्या या खटाटोपातून जे हाती आलं, ते सपेऱ्याच्या गोष्टीपेक्षा कितीतरी नवलाचं आहे.

वय नव्हे, शाई!

आधी वयाचं प्रकरण मिटवू. साप म्हातारा झाला म्हणून पांढरा होत नाही. त्याला केस नाहीत, तर पिकणार काय? पांढरा साप अंड्यातून बाहेर येतो तोच पांढरा. आणि नाग शंभर वर्षं जगतही नाही. बंदिस्त जागेत, वेळेवर खाऊ-पिऊ घालून सांभाळला तरी वीस-पंचवीस वर्षं म्हणजे फार झाली.

सापाचा रंग हा एक रंग नसतो. कातडीत काळा-तपकिरी रंग देणाऱ्या पेशी वेगळ्या, लाल-पिवळा देणाऱ्या वेगळ्या आणि उजेड परावर्तित करून चकाकी देणाऱ्या आणखी वेगळ्या. यातला काळा-तपकिरी रंग म्हणजे मेलॅनिन, जे आपल्याही केसांत आणि कातडीत असतं. अल्बिनो सापात हे मेलॅनिन तयार होत नाही. बाकीचे रंग जागेवरच असतात. त्यामुळे अल्बिनो अजगर पांढऱ्यावर हळदीचे पट्टे ओढल्यासारखा दिसतो, अल्बिनो नाग मलईच्या किंवा फिकट गुलाबी रंगाचा. डोळ्यांतही काळं नसल्यानं आतल्या रक्तवाहिन्या दिसतात आणि डोळा लाल भासतो. सगळेच रंग गेलेला, पण डोळे काळे किंवा निळे असलेला पांढराशुभ्र सापही असतो, पण तो प्रकार वेगळा. त्याला ल्युसिस्टिक म्हणतात. विषाचं म्हणाल तर या सगळ्याशी त्याचा काही संबंध नाही. पांढरा नाग चावला तरी दवाखाना तोच आणि इंजेक्शन तेच.

मेलॅनिन का तयार होत नाही? काळी शाई बनवण्याची एक लांबलचक कृती आहे असं समजा. ती अनेक पानांवर लिहिलेली आहे आणि प्रत्येक पानाच्या दोन प्रती सापाच्या प्रत्येक पेशीत असतात. एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एखाद्या पानाची एक प्रत खराब झाली तरी दुसरी चांगली असते, शाई बनते, साप नेहमीच्या रंगाचा दिसतो. दोन्ही प्रती खराब असतील तरच शाई बंद. म्हणजे पांढरा साप जन्माला यायचा तर आई आणि बाप दोघांनीही तेच बिघडलेलं पान त्याच्या पदरात टाकावं लागतं. आई-बाप स्वतः चांगले काळेभोर असू शकतात. त्यांच्या अंगावर कसलीच खूण नसते.

जंगलात असे दोघे एकमेकांना भेटणं ही दुर्मीळ गोष्ट. त्यातून पिल्लू पांढरं निघालंच तर घारीला, मुंगसाला ते शेतातल्या हिरव्या-मातकट रंगात लांबून दिसतं. लाल डोळ्यांना ऊनही सोसत नाही. बिळात, पाचोळ्यात, घरांच्या जोत्याखाली लपून राहणारी काही पिल्लं मोठी होतात. त्यातला एखादा साप वर्षा-दोन वर्षांनी कुठल्या तरी गावात निघतो आणि वर्तमानपत्रात त्याचा फोटो येतो.

त्वचेचा डॉक्टर आणि एक नर

पांढऱ्या सापांच्या पैदाशीची गोष्ट सुरू होते अमेरिकेत. तिथल्या आग्नेय भागात कॉर्न स्नेक नावाचा एक बिनविषारी साप आढळतो. उंदीर खाणारा, शांत, धान्याच्या कोठारांभोवती फिरणारा, आपल्याकडच्या तस्कराच्या दूरच्या नात्यातला. नारिंगी अंगावर काळ्या किनारीचे लाल ठिपके, असा त्याचा नेहमीचा वेष. १९५३ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यात या जातीचा एक नर सापडला, ज्याच्या अंगावर काळ्याचा मागमूस नव्हता.

असा साप एरवी एखाद्या प्राणिसंग्रहालयात जाऊन पडला असता, मेल्यावर बरणीत गेला असता. पण याचं नशीब वेगळं होतं. जॉर्जिया राज्यातल्या व्हॅल्डोस्टा गावी एच. बर्नार्ड बेक्टेल नावाचे डॉक्टर होते. धंद्यानं त्वचारोगतज्ज्ञ. माणसांच्या कातडीचे रंग आणि डाग हा त्यांचा रोजचा विषय, आणि साप हा लहानपणापासूनचा छंद! कातडीतला रंग पिढ्यान् पिढ्या कसा उतरतो, हे सापात पाहायचं त्यांनी आणि पत्नी एलिझाबेथ यांनी ठरवलं.

त्या अल्बिनो नराची जोडी नेहमीच्या रंगाच्या मादीशी लावली गेली. अंडी फुटली. सगळी पिल्लं नेहमीच्या रंगाची! एकही पांढरं नाही. घाईचा माणूस असता तर ‘रंग उतरत नाही’ म्हणून मोकळा झाला असता. बेक्टेल दांपत्य थांबलं. कॉर्न स्नेकचं पिल्लू वयात यायला दोन-तीन वर्षं लागतात. तोपर्यंत त्याला उंदरांची पिल्लं भरवा, थंडीत जपा, रोगराईपासून राखा. ती भावंडं मोठी झाल्यावर त्यांचीच आपसात जोडी लावली. १९६१ मध्ये अंडी फुटली तेव्हा नेहमीच्या रंगाच्या पिल्लांत काळ्या रंगाविना जन्मलेली, लालबुंद डोळ्यांची पिल्लंही होती. माणसाच्या हाताखाली जन्मलेले हे पहिले अल्बिनो कॉर्न स्नेक.

पुढच्या वर्षी, १९६२ मध्ये, पती-पत्नीच्या नावानं ‘कोपिया’ या शास्त्रीय नियतकालिकात निबंध आला. मेंडेल नावाच्या पाद्र्यानं मठाच्या बागेत वाटाण्यांवर जो हिशेब मांडला होता, तोच सापांना लागू पडत होता. दोन्ही पालकांकडे एकेक खराब प्रत असेल तर चारातलं एक पिल्लू पांढरं, एक पूर्ण निर्दोष आणि दोन आई-बापासारखी, वरून रंगीत पण आत खराब पान लपवलेली. अर्थात हा सरासरीचा हिशेब. एखाद्या खेपेला बारा अंड्यांतून एकही पांढरं निघत नाही, एखाद्या खेपेला पाच निघतात.

आज जगभर हजारो घरांत काचेच्या पेट्यांतून वेटोळी घालून बसलेल्या लाल-नारिंगी कॉर्न स्नेकांपैकी बहुतेकांचं मूळ शोधत मागे गेलं की वाट याच घराण्याकडे येते. एका सापाच्या अंगातली एक चूक!

गंमत म्हणजे अल्बिनो कॉर्न स्नेक पांढरा नसतोच. काळा रंग गेला तरी लाल उरतो. मग कुणाला तरी सुचलं, याच जातीत लाल रंग हरवलेले करडे सापही अधूनमधून मिळतात, त्यांच्याशी याची सोयरीक करावी. पहिल्या पिढीत पुन्हा सगळी पिल्लं साधी. दुसऱ्या पिढीत सोळातलं एक असं निघालं, ज्याला काळाही नाही आणि लालही नाही. त्याला नाव मिळालं ‘स्नो’. म्हणजे बर्फासारखा पांढरा साप हवा असेल तर दोन वेगवेगळ्या चुका एकाच अंड्यात गाठाव्या लागतात.

रीवाचा मोहन

हे सगळं अमेरिकेत चाललं होतं तेव्हा असाच एक प्रयोग, कुणी प्रयोग न म्हणता, काशीपासून एका दिवसाच्या वाटेवर चालू होता. मिर्झापूरवरून दक्षिणेला उतरलं की रीवा संस्थान. मे १९५१ मध्ये तिथल्या जंगलात शिकारीत एक वाघीण आणि तिचे बछडे मारले गेले. एक बछडा वाचला. तो पांढरा होता. महाराज मार्तंड सिंह यांनी त्याला गोविंदगढच्या वाड्यात ठेवलं. त्याचं नाव मोहन.

मोहनची जोडी बेगम नावाच्या साध्या वाघिणीशी लावली. एकामागून एक वेत झाले, सगळे पिवळे. महाराजांचा हिरमोड झाला. मग मोहनची गाठ त्याचीच मुलगी राधा हिच्याशी घालण्यात आली. ३० ऑक्टोबर १९५८ ला राधेला चार बछडे झाले, चारही पांढरे. त्यातली मोहिनी १९६० मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात गेली आणि पांढऱ्या वाघांचं पेव फुटलं.

पांढरा वाघ खऱ्या अर्थानं अल्बिनो नाही. त्याच्या अंगावर काळे पट्टे असतात, डोळे निळे असतात. त्याचं कोणतं पान बिघडलंय हे २०१३ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी शोधून काढलं. पण गोष्टीचा सांगाडा कॉर्न स्नेकचाच आहे. जंगलातून आलेला एक नर, रंगीत मुलं, मग रक्ताच्या नात्यात जोडी आणि त्यातून प्रकट झालेला रंग. वाघांच्या बाबतीत पुढे हीच गोष्ट कडू झाली. बाप-लेक, भाऊ-बहीण अशा जोड्या पिढ्यान् पिढ्या लावत गेल्यानं तिरळे डोळे, दुबळी पिल्लं, लहानपणीचे मृत्यू यांचं प्रमाण वाढलं. कारण बंद पेटाऱ्यात नेहमी एकच खराब पान नसतं. पांढरेपणासाठी नात्यातली जोडी लावली की इतर लपलेली खराब पानंही जोडीनं वर येतात.

सापांचे चांगले पैदासकार म्हणूनच दर एक-दोन पिढ्यांनी बाहेरचं रक्त आणतात. पांढऱ्याची जोडी अगदी परक्या साध्या सापाशी लावायची, रंगीत पिल्लं पत्करायची, दोन-तीन वर्षं थांबायचं. यात पैसा उशिरा मिळतो. घाई असलेले थांबत नाहीत.

आपल्याकडे सगोत्र विवाह टाळतात, पण मामाची मुलगी करण्याची चाल बऱ्याच घरांत आहे. तिथेही हाच हिशेब लागू होतो. माणसातला अल्बिनिझम असाच उतरतो. आई-बाप सावळे, आजी-आजोबा सावळे आणि पाळण्यात पांढऱ्या केसांचं, उजेडाला डोळे मिटणारं बाळ. मग बोट बहुतेक वेळा सुनेकडे जातं. ग्रहण पाळलं नाही, कुणाची नजर लागली, आणखी काय काय. खरं तर एक प्रत तिची असते आणि एक तिच्या नवऱ्याची. अगदी बरोबरीनं. पुढच्या प्रत्येक खेपेला शक्यता चारात एक एवढीच राहते. अशा मुलाला टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे, चष्मा आणि वर्गात पहिल्या बाकावर जागा, एवढं मिळालं तरी त्याची अर्धी लढाई सोपी होते.

पांढरा अधिक पांढरा बरोबर काळा

आता या सगळ्यातली सर्वात मोठी गंमत. दोन अल्बिनो सापांची जोडी लावली तर पिल्लं कशी होतील? कुणीही सांगेल, पांढरी. आई-बाप दोघांकडेही चांगली प्रत नाहीच. बहुतेक वेळा हे उत्तर बरोबर असतं. पण नेहमी नाही.

दक्षिण अमेरिकेतल्या बोआ नावाच्या अजगरवर्गीय सापाची अमेरिकेत दोन अल्बिनो घराणी आहेत. एक पीटर काल यांच्या नावानं ओळखलं जातं, दुसरं ब्रायन शार्प यांच्या. दोन्हींतले साप पांढरे-नारिंगी, डोळे लाल. शेजारी ठेवले तर नवख्याला फरक कळणार नाही. पण काल घराण्याचा नर आणि शार्प घराण्याची मादी यांची जोडी लावली तर सगळी पिल्लं जंगलातल्या बोआसारखी तपकिरी-काळी होतात!

कृतीच्या पानांकडे परत गेलं की कोडं सुटतं. एका घराण्यात समजा तिसरं पान खराब आहे आणि दुसऱ्यात सातवं. पिल्लाला बापाकडून तिसरं पान खराब मिळालं, पण आईकडून तेच पान चांगलं मिळालं. सातव्याचं उलट. दोन्ही पानांची एकेक चांगली प्रत हाती आली, शाई तयार झाली. म्हणजे अल्बिनो ही एक जात नव्हे. काळा रंग हरवायला अनेक वाटा आहेत आणि वरून सगळ्या सारख्या दिसतात.

बेक्टेल यांनी हे कातडीच्या तुकड्यावरही दाखवलं होतं. १९८० मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या गोफर सापांच्या कातडीचे तुकडे डोपा नावाच्या द्रव्यात ठेवले. काही अल्बिनो सापांची कातडी काळी पडली, काहींची नाही. जी काळी पडली तिच्यात शाई घोटणारं टायरोसिनेज हे विकर शाबूत होतं, अडचण दुसरीकडे होती. जी पडली नाही तिच्यात हे विकरच निकामी होतं. आज सापांच्या बाजारात ‘टी प्लस’ आणि ‘टी मायनस’ अशी जी भाषा चालते, ती इथून आली.

मग डीएनए वाचण्याची यंत्रं स्वस्त झाली. २०१५ मध्ये जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी कॉर्न स्नेकचं बिघडलेलं पान नेमकं दाखवलं. त्या जनुकाचं नाव ओसीए-२. डीएनएचा एक उडाणटप्पू तुकडा, जो आपली नक्कल करून दुसरीकडे जाऊन बसतो, तो या जनुकाच्या मधोमध शिरलेला होता. १९५३ च्या त्या नराचा वारसा! आणि माणसातल्या अल्बिनिझमच्या एका मोठ्या प्रकारातही हेच ओसीए-२ जनुक बिघडलेलं असतं. साप आणि माणूस यांच्या वाटा तीस कोटी वर्षांपूर्वी फुटल्या, पण शाईची कृती जवळजवळ तीच राहिली.

आफ्रिकेतला बॉल पायथन हा छोटा अजगर. त्याचे अल्बिनो १९९२ मध्ये पहिल्यांदा बंदिवासात जन्मले ते ओक्लाहोमाच्या बॉब क्लार्क यांच्याकडे. आज या जातीत रंगांचे इतके नमुने आहेत की साड्यांच्या दुकानातले प्रकार कमी पडावेत. अमेरिकेतल्या ईस्टर्न मिशिगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी एक सोपी युक्ती केली. पैदासकारांकडून त्यांनी साप मागवले नाहीत, टाकलेल्या काती मागवल्या. टपालाच्या पाकिटातून काती येत गेल्या आणि त्यातून डीएनए काढला गेला. २०२२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. साध्या अल्बिनोंचा दोष टायरोसिनेजच्या जनुकात निघाला, ‘लॅव्हेंडर’ म्हणून विकल्या जाणाऱ्यांचा ओसीए-२ मध्ये. शिवाय, एकाच ‘अल्बिनो’ नावाखाली टायरोसिनेजचे एकाहून जास्त वेगवेगळे बिघाड सापडले. ज्याला सगळे एक घराणं समजत होते, ती खरं तर जंगलातून वेगवेगळ्या वेळी आलेली वेगवेगळी घराणी होती.

हे कळणं पैदासकारांच्या खिशाशी निगडित आहे. दोन रंगीत भावंडं, जी आत खराब प्रत लपवून असण्याची शक्यता तीनात दोन असते, ती बाजारात ‘६६ टक्के हेट’ म्हणून विकली जातात. घेणारा तीन वर्षं पोसतो, जोडी लावतो आणि तेव्हा कळतं की आपल्या वाट्याला तिसरं भावंड आलं होतं. या धंद्यात कित्येक वर्षं सगळा व्यवहार विकणाऱ्याच्या शब्दावर चालला. आता कातीचा तुकडा तपासायला पाठवता येतो.

सरस्वतीचे दूत

माणसाच्या पिंजऱ्याशिवायही पांढऱ्या सापांचं घराणं टिकू शकतं याचं एकच ठळक उदाहरण सांगितलं जातं. जपानमध्ये, यामागुची प्रांतातल्या इवाकुनी गावात. तिथल्या रॅट स्नेक जातीत लाल डोळ्यांचे पांढरे साप शेकडो वर्षं दिसत आले. त्यांची पहिली लेखी नोंद १७३८ ची आहे. जपानी लोक या सापांना बेन्झाइतेन देवीचे दूत मानतात. बेन्झाइतेन कोण? बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनमार्गे तिकडे पोचलेली आपलीच सरस्वती, वीणेच्या जागी बिवा नावाचं वाद्य घेतलेली!

देवीचा दूत म्हणून कुणी त्याला मारलं नाही. शिवाय तो तांदळाच्या कोठारातले उंदीर खायचा, म्हणून त्याला हाकललंही नाही. काळ्या सापावर काठी पडली, पांढऱ्यावर नाही. जंगलात जो रंग जिवावर बेततो, तोच या गावात जीव वाचवणारा ठरला आणि पांढऱ्यांची संख्या वाढत गेली. १९२४ मध्ये जपान सरकारनं त्यांना नैसर्गिक वारशाचा दर्जा दिला. पुढे जुनी कोठारं गेली, दगडी भिंतींच्या फटी सिमेंटनं बुजल्या, साप कमी झाले. आता तिथली संस्था त्यांची पैदास करते. त्यांचा दोष टायरोसिनेजच्या जनुकातला आहे.

श्रद्धेनं सापाचं भलं झाल्याची उदाहरणं थोडी, त्यातलं हे एक. कारण तिथे सापाला टोपलीत घातलं नाही, त्याच्या जागी राहू दिलं.

बिस्किटांच्या पुड्यातले अजगर

आपल्याकडे श्रद्धेचा व्यवहार उलटा चालतो. टोपलीतल्या नागाचे विषदंत उपटलेले असतात, तोंड कधी शिवलेलं असतं, कित्येक दिवस त्याला पाणी मिळालेलं नसतं. म्हणून तो वाटीतल्या दुधात तोंड घालतो. दूध सापाचं अन्न नव्हे, ते त्याला पचत नाही. नागपंचमीनंतर असे साप मोठ्या संख्येनं मरतात. पांढरा असेल तर त्याचे हाल जास्त, कारण तो जास्त घरं फिरवला जातो. मांडुळाचं महाराष्ट्रात काय झालं, हे सर्वांसमोर आहे. धनलाभ करून देणारा दुतोंड्या म्हणून बिचाऱ्या निरुपद्रवी मांडुळाची लाखांच्या बाता मारत तस्करी होते आणि गिऱ्हाईक व दलाल दोघेही पोलिस ठाण्यात पोचतात.

कायदा स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार देशी साप पकडणं, पाळणं, विकणं गुन्हा आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हा नागाचं नाव सर्वाधिक संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीत गेलं. रंग काळा की पांढरा, कायद्याला फरक पडत नाही. म्हणजे पांढऱ्या नागाची पैदास इथे कुणाही हौशी माणसाला करता येत नाही, आणि ‘आमच्याकडे पांढऱ्या नागाची जोडी आहे’ असं कुणी सांगत असेल तर तो गुन्हा सांगतोय किंवा थाप मारतोय.

परदेशी सापांची हौस मात्र शहरांत वाढतेय. २० डिसेंबर २०२३ च्या सुमारास मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत अकरा साप निघाले. नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक! त्या डॉक्टरांच्या छंदातून सुरू झालेलं घराणं साठ वर्षांनी पुड्यात गुंडाळून सांताक्रूझपर्यंत आलं होतं. साप परत पाठवण्यात आले. ज्यांच्याकडे बॉल पायथन, बोआ असे आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेले प्राणी आहेत, त्यांनी ते सरकारदरबारी नोंदवणं फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी बंधनकारक केलंय. पिल्लं झाली तर तीही कळवायची. कॉलेजात जाणाऱ्या मुलानं ‘ऑनलाइन मिळतोय’ म्हणून अल्बिनो अजगराचा हट्ट धरला असेल तर आई-वडिलांनी आधी कागद मागावेत.

आणि घराच्या मागे, गोठ्यात पांढरा साप निघालाच तर? हळद-कुंकू नको, काठीही नको. त्याच्यावर लांबून नजर ठेवायची, मुलांना आत घ्यायचं आणि सर्पमित्राला किंवा वनखात्याला फोन करायचा. मे २०२३ मध्ये कोइमतूरच्या कुरिची भागात असाच एक पांढरा नाग वस्तीत निघाला. लोकांनी बोलावल्यावर सर्पमित्रांनी तो पकडला आणि वनखात्याच्या मदतीनं जंगलात सोडून दिला. कुणी त्याला टोपलीत घातलं नाही, कुणी त्याच्याकडून पुत्रप्राप्ती मागितली नाही. त्या जंगलात त्याला जोडीदार मिळाला असेल तर पिल्लं बहुधा सगळी गव्हाळ-काळीच झाली असतील, आणि प्रत्येकाच्या अंगात एक खराब पान, वरून काहीच न दाखवता.